कोरमला एक कमी

सोम., ६ जाने.
बेचाळिसाव्या वर्षी शिक्षणसेवक. दूध सोसायटीचा सचिव होतो. ती बुडाली, म्हणून आता आठवीला सहकार शिकवतो. अनुभवाचा दाखला याहून कोणता हवा! उद्याचं टाचण: वर्गात सोसायटीची सर्वसाधारण सभा. साहित्य: घंटा, पोरं. पोरांचीच टंचाई. आईबापामागं ऊसतोडीला गेली. उरलेली टँकरचा भोंगा ऐकला की पळतात.
हेडसर: "गुरुवारी तपासणीला साहेब येणारेत. विसाच्या खाली भरली तर तुकडी बंद. तुकडी बंद म्हंजी तुमी बी."
आज एकोणीस.

मंगळ., ७
नसरीन अध्यक्ष. बाप धारूरच्या बाजारात केळी विकतो, आवाज त्याचाच. खुर्चीत बसल्या बसल्या हुकूम: "वीसचा कोरम हाय. एक कमी. सभा तहकूब!"
मीच शिकवलेलं. सहकारातलं सगळ्यात देखणं कलम. माणसं नसली तर अर्धा तास थांबा, मग माणसं नसली तरी चालतं.
सगळे बाहेर लिंबाखाली. दार ओढलेलं. आत घंटा वाजली. एकदाच.
"वारा," मी म्हटलं.
"कोन्ता वारा, सर?" लिंबाचं पान हलत नव्हतं.
आत सगळं जागच्या जागी. फक्त सुनीताच्या बाकावर उसाचं पान. ती दिवाळीनंतर ऊसतोड टोळीबरोबर गेलीय. पान हिरवंगार, ओलं. आमच्या शिवारात हिरवं म्हणून काही उरलेलं नाही.
अर्ध्या तासानं सभा पुन्हा. ठरावाला हात वर. नसरीननं मोजले. "वीस. मंजूर!"
"नीट मोज, बाई."
"मोजले की!"
मी मोजले. एकोणीस. कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

गुरु., ९
साहेब आले. बोट नाचवत मोजलं. "वीस. भरलाय की हो वर्ग!" मी तोंड उघडलं, हेडसरांनी माझ्या पायावर पाय दिला. साहेबांनी सही केली. हजेरीत विसावं नाव सुनीताचं.
सोसायटीत मेलेल्यांचे अंगठे पाहिलेत. पण अंगठा कुणाचा, ते तरी माहीत असायचं.
नोकरी वाचली.

शुक्र., १०
सुनीताच्या आईचा फोन. मुकादमाच्या मोबाईलवरून.
"सर, सुनी शाळंत आलीय का वो? मंगळवारपासून कोपीवर न्हाई, खोपटात झोपाया बी न्हाई. लई शाळा शाळा करीत व्हती. तिकडंच आली आसंल."
पोलिसात जा म्हटलं. "मुकादम म्हंतो, आदी शाळंत इचार. हजर हाय का, तेवढंच सांगा की वो."
बघतो म्हटलं. 'बघतो'!
हेडसर: "साहेबांच्या सहीनं हजर हाय. आता न्हाई म्हनलं तर तुमी बी घरी, मी बी घरी. कावून खाजवून खरूज काढता?"
पण हजर असलेल्या पोरीला शोधणार कोण?

शनि., ११
हजेरी. तिचं नाव शेवटी ठेवलं. न पुकारताच 'गैरहजर' लिहायला पेन टेकवला. तेच लिहून ठाण्यात द्यायचं, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो.
नसरीन उभी राहिली. "सर, आदी पुकारा तरी."
पुकारलं.
एकाही पोरानं दाराकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी तिच्या बाकाकडं पाहिलं.
पेन अजून कोऱ्या रकान्यावरच टेकलेला.