खानावळ, फ्रीझर आणि धाकटी सून

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, गुडघे गेलेले पण डोके शाबूत, कोणाच्याही भरीस न पडता, माझ्या मागे कोणाला काय मिळावे ते राजीखुशीने लिहून ठेवते. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थोरल्या मुलाला शंका असल्यास त्याने तो नीट वाचावा.

१. बँकेतील ठेव थोरल्या मुलास. माझ्या बांगड्या त्याच्या बायकोस. त्या कुठल्या खणात आहेत हे तिला सांगायला नको.

२. सूपची खानावळ, वरच्या दोन खोल्या, मोठी पातेली आणि आडवा फ्रीझर आतील मालासकट धाकट्या सुनेस. ही मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे, तिच्यावर इतर कोणाचा हक्क नाही.

धाकटा मुलगा गेला तेव्हापासून थोरला म्हणतो, "आई, ती उद्या दुसरं लग्न करील. आपली खानावळ परक्याच्या घशात जाईल." मुलगा गेल्यावर मी अंथरूण धरले होते. तेव्हा शेगडी पेटती ठेवली ती या परकीने. थोरला त्या वेळी खानावळ विकायला गिऱ्हाईक शोधत होता.

ती नवी होती तेव्हाची गोष्ट. तिने हाडे उकळून काढलेला सूपचा स्टॉक गरमच बरण्यांत काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवला. सकाळी बरण्या तडकलेल्या आणि शेजारच्या गोठलेल्या मालाला पाणी सुटलेले. मी खवळले, "माहेरी एवढंही शिकवलं नाही?" ती म्हणाली, "माहेरी फ्रीजच नव्हता, आई." मग मीच तिला शिकवले. आता ती पातेले गार पाण्यात ठेवून निववते, वरची चरबी काढते, पिशव्या आडव्या पसरून गोठवते, बरणीत दोन बोटे जागा सोडते. मीठ घालत नाही, कारण पुढे आटवताना खारट होते. तिच्या हाताला माझ्यापेक्षा चव आहे. तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून येथे लिहिते.

३. माझ्या हातचा शेवटचा स्टॉक आठवण म्हणून कोणी जपू नये. फ्रीझरमध्येही चव उतरतेच. गिऱ्हाइकांना पाजावा.

४. आमची मोठी गाळणी शेजारच्या बेकरीवाल्याकडे आहे. मी मागून थकले. सुनेने मागावी, आणि गोड बोलून मागू नये.

५. सुनेने पुन्हा लग्न केले तरी कलम दोन बदलत नाही. फ्रीझर दुरुस्त करणारा गेले वर्षभर दर पंधरवड्याला येतो. फ्रीझर एकदाही बिघडलेला नाही. तो झाकणाचे रबर दाबून बघतो, "चांगलं आहे" म्हणतो, सूप पितो आणि जातो. मी आंधळी नाही. सुनेला विचारले तर म्हणते, "तुम्हाला सोडून कुठं जाऊ?" पोरी, जाणार तर मी आहे. तू एकटी राहशील याची मला भीती वाटते, बाकी कशाची नाही. माझ्याकडून होकार समजावा.

ठिकाण: खानावळीचे स्वयंपाकघर
दिनांक: ५ मार्च, सुट्टीचा वार

सही: खानावळवाली

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषधवाला

साक्षीदार दुसरा: फ्रीझर दुरुस्त करणारा. सहीपूर्वी त्यास कलम पाच मोठ्याने वाचून दाखविले. सून समोरच उभी होती. दोघांपैकी कोणीही हरकत घेतली नाही.