अभिप्रायाच्या वहीतले पान

मी, विजयालक्ष्मी यज्ञेश्वर मोघे, वय वर्षे बहात्तर, शिवणकामाची निवृत्त शिक्षिका, राहणार सीपरी बाजार, झाशी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, माझ्या डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे म्हणून डोकेही वाकडे असेल असे कोणी समजू नये. लिहायला नऊ दिवस लागले. वकीलबाई मालती कुशवाहा हिंदीत टाईप करून देणार होत्या, पण मनातले मला मराठीतच नीट मांडता येते. कोर्टासाठी त्या हिंदी तर्जुमा जोडतील.

१. राहते घर आणि पोस्टातली ठेव माझा मुलगा रघुनाथ यास मिळावी. पुढचे वाचून त्याला वाटेल, आई रागावून गेली. राग आहेच. पण पोटचा पोर आहे, घर त्याचेच.

२. पायमशीन माझ्या शाळेला द्यावे. मुलींना त्यावर शिवू द्यावे, वर झालर घालून शोभेला ठेवू नये. मोठी कात्री सून दुर्गा हिला. या कात्रीवर भर आयोगात आळ आला आहे. तो का, ते चौथ्या कलमात आहे.

३. गणपतीच्या मखरामागचा पडदा मी आपल्या मराठी मंडळासाठी भरत होते. माझा उजवा हात गेला तेव्हा तो अर्धा झाला होता. मी डॉक्टरांविरुद्ध तक्रार केल्यावर मंडळातल्या मोठ्या माणसांनी घरी येऊन सांगितले, "झाशीत आपण मूठभर उरलो, त्यात आपल्याच माणसाला कोर्टात खेचायचे?" त्या वर्षीपासून आरतीचे बोलावणे बंद झाले. पडदा मंडळालाच द्यावा. मात्र कोणी तो पुरा करू नये. आहे तसा अर्धाच लावावा, आणि तो असा का, हे मुलांनी विचारले तर खरे सांगावे.

४. आता मुख्य गोष्ट. २०१९ च्या जानेवारीत उजव्या मनगटातल्या मुंग्यांसाठी मी डॉ. जनार्दन फणसे यांच्याकडे गेले. "काकू, तुम्ही मराठी? या, बसा," असे ते म्हणाले आणि मी तिथेच विरघळले. बाजारात, बँकेत, दवाखान्यात जन्मभर हिंदी बोलणाऱ्या बाईला डॉक्टर मराठीत बोलला, की तो देवच वाटतो. संमतीचा कोरा कागद पुढे आला, मी सही केली. हीच मी वर्गात मुलींना सांगत असे की माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका.

पण त्याहून मोठी चूक पुढे केली. आमच्या घरी रीत आहे, कोणी आपले काम केले तर आभाराचे दोन शब्द लिहून द्यायचेच. ऑपरेशननंतर हात बांधलेला असणार, लिहिता यायचे नाही, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच अभिप्रायाच्या वहीत लिहून टाकले: "शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टरांच्या हाताला यश आहे." खाली तारीख घातली ती घरी सोडण्याच्या दिवसाची, म्हणजे पाच दिवस पुढची. न झालेल्या ऑपरेशनचे आभार मानले. शिष्टाचाराचा हा अतिरेक आमच्यासारख्यांनाच जमतो.

ऑपरेशनमध्ये नस कापली गेली. अंगठा पुन्हा हलला नाही. सुई सोडा, वाटीही धरता येत नाही. "वय झाले, येईल हळूहळू," असे सांगत डॉक्टरांनी आठ महिने काढले. दुर्गाने मला दुसऱ्या शहरात नेऊन दाखवले तेव्हा कापलेली नस कळली. आम्ही उपभोक्ता आयोगात, म्हणजे ग्राहक न्यायालयात गेलो, आणि उत्तरादाखल डॉक्टरांनी वहीतले तेच पान पुढे केले. ज्या हाताने ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी इतके वळणदार लिहिले, त्याची नस दवाखान्यात कापली असूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. बाई शिवणकाम करते, पुढे घरी स्वतःच्याच कात्रीने लागले असेल.

दुर्गा त्या दिवशी जिन्यात बसून रडली. "अम्मा, काम होबे सें पैलें बड़ाई काए लिख दई?" कामाआधीच कौतुक का लिहून दिले, असे ती आपल्या बुंदेलीत विचारत होती.

रघुनाथचे म्हणणे, डॉक्टर समझोत्याचे पैसे देतायत, घ्यावे आणि "तक्रार चुकीने केली" यावर सही करावी. बाळा, तुला माझी दगदग बघवत नाही, हे कळते. पण तू एकाही तारखेला आला नाहीस. दुर्गा प्रत्येक तारखेला ऑटोत माझा हात मांडीवर घेऊन बसली. म्हणून या मृत्युपत्राची व्यवस्थापक मी दुर्गाला नेमते. माझ्या माघारी तक्रार तिने चालवावी. ती मागे घेण्याचा अधिकार रघुनाथला नाही.

५. डॉ. जनार्दन फणसे यांस. तुमच्यासाठी मी एक वाट ठेवून जाते. ते पान मी तुमच्या टेबलावर, तुमच्यादेखत लिहिले. पंख्याने कागद फडफडत होता म्हणून कोपरा तुम्ही बोटाने दाबून धरला होता. पुढची तारीख बघून तुम्ही हसलात आणि म्हणालात, "काकू, एवढा विश्वास?" खोलीत तिसरे कोणी नव्हते. म्हणून माझे कोणी मानत नाही.

चूक कोणाच्याही हातून होते. माझ्या हातून कितीतरी ब्लाउज बिघडले. ते मी उसवून परत शिवले. तुमचेच अंग वाकडे, असे कोणाला म्हटले नाही. पान आदल्या संध्याकाळचे, एवढे आयोगासमोर शपथेवर सांगा. ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी दुर्गाने तक्रार मागे घ्यावी, भरपाईचा एक रुपयाही घेऊ नये. वकीलबाईंना हे पसंत नाही. मला जिंकायचे नाही, पण खोटी ठरून मरायची भीती वाटते.

मी नसले तरी घरी या. दुर्गाशी मराठीत बोलाल तरी चालेल, तिला सगळे कळते.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: विजयालक्ष्मी यज्ञेश्वर मोघे (डाव्या हाताने)

साक्षीदार:
वामन रमाकांत पुराणिक, शेजारी
अहिल्या शिवाजीराव शितोळे, माजी विद्यार्थिनी

झाशी, १९ नोव्हेंबर २०२२