कुंकू लावलेला कॉम्प्युटर

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या ऊसतोडीच्या गोष्टीवर सिनेमा लिवायचा म्हनून मी लई खुशीत हुते. पन नातीनं, सुमीनं, दगा दिला. मी सांगायचं, तिनं घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचं, असं ठरलं हुतं. म्हनून तर त्याला हळदकुंकू लावलं, म्होरं गुळाचा खडा ठेवला.

आज म्हनते, "आज्जे, सिनेमा लिवायचं सॉफ्टवेअर मैत्रिनीच्या लॅपटॉपवर चालनारं घेतलं. ते आपल्याकडं चालत न्हाई. मी संगमनेरला तिच्याकडं बसून, तिच्या मदतीनं लिवते."

म्हनलं, "दोन्हीकडं चालनारं बी हुतं, तूच म्हनली हुतीस ना?"

"हुतं, पन तिला हेच आवडतं."

अन् मला? माझीच गोष्ट माझ्याच घरात उघडनार न्हाई.

रागानं कॉम्प्युटरचं कुंकू पुसाया गेले. मग राहू दिलं. त्या बिचाऱ्यानं कुठं शब्द दिला हुता?