'झुळूक' पुन्हा बाजारात

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

घशाला किरणांचे शेक दिल्यापासून डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. लग्नानंतर प्रथमच तुझ्या वहिनीच्या चेहऱ्यावर शांतता दिसते. म्हणून हे पत्र.

बाबांचं 'झुळूक' परत येतंय. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी ते पहिल्यांदा ढवळलं, आणि बघता बघता लग्नघरात नि आजाऱ्याच्या उशाशी तीच संत्र्याच्या पेयाची बाटली दिसायला लागली. पुढे मी ते बड्या कंपनीला विकलं. त्यांनी वर्षभरात त्याला मूठमाती दिली, म्हणजे त्यांचं काळं पेय खपायला रान मोकळं. आता लोकांना जुन्याची हुरहुर लागलीय आणि हुरहुरीला भाव आहे, तेव्हा तेच मढं उकरून नवं लेबल लावलंय. लेबलवर बाबांचा फोटो आहे गं. बघून मी रडलो.

ते बाजारात आणायच्या सोहळ्यात मी एक घोट घ्यायचा आणि 'तीच चव' म्हणून मान डोलवायची. पण माझ्या जिभेला चहा आणि कोमट पाणी आता सख्खे भाऊ. हे कंपनीला ठाऊक नाही. बाबांचा नियम होता, आपल्या दोघांच्या जिभा 'हो' म्हणाल्याशिवाय पाकाची खेप बाटलीत जायची नाही. सोबत दोन बाटल्या पाठवतोय. चाखून कळव. बाबा परत यावेत असं फार वाटतं, पण तोतया नको.

लोभ पथ्यात बसतो, तेवढा ठेव.

दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार.

बाटली उघडली, घोट घेतला. हुबेहूब तीच चव! काडीचा फरक नाही. तू खुशाल जा. बदामी कोट घाल. सैल होत असेल तर आत स्वेटर घाल, फोटोत कळणार नाही. वहिनी म्हणत होती, तू ताटाकडे पाहुण्यासारखा बघतोस. तसं करू नकोस.

माया आहेच, थोडी जास्त झाली तर परत करणार नाही.

धाकटी

१३ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद आणि एक तक्रार.

पाकखोलीत तू जन्मात कधी पहिली खेप पास केली नाहीस. बाबांनी स्वतः ढवळलेला पाकही परत पाठवायचीस. ते म्हणायचे, ही पोरगी अमृत चाखून म्हणेल, जरा पाणचट झालंय. आणि आता म्हणे काडीचा फरक नाही! इतकी गोड तू माझ्याशी कधीच नव्हतीस. म्हणजे पेय वेगळं आहे, आणि डॉक्टरांनी मला वगळून तुम्हाला काहीतरी सांगितलंय. दोन्ही लिही. माझा घसा गेलाय, अक्कल नाही.

रागावलेलो नाही. लोभ जागच्या जागी आहे.

दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास, पायांवर डोकं ठेवते.

शेवटचा कडवटपणा नाही. बाबा साल किसून घालायचे, तो घोट गिळल्यावर मागे राहायचा. यांचं गोडावरच संपतं. सरबत म्हणून बरं आहे. 'झुळूक' नाही.

डॉक्टर म्हणाले, दादा पावसाळा बघेल असं धरून चालू नका. तुला सांगायचं नाही अशी वहिनीने शपथ घातली होती. मला वाटलं, एक दिवस तरी तुला बाबा परत मिळू देत. म्हणून खोटं लिहिलं. ओरडायला तुला आवाज नाही, त्याने जास्तच लाज वाटते.

धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

काल गेलो. कोट घातला, स्वेटरसकट. व्यासपीठावर बाबांचा दाराएवढा फोटो होता. ग्लास हातात दिला, कॅमेरे सरसावले. मी ग्लास उजेडाकडे धरला, टेबलावर ठेवला आणि पाकखोलीत हलवायचो तशी मान हलवली. नाही. मागच्या रांगेत आपले जुने बाटल्या भरणारे बसले होते, ते उठून उभे राहिले. कंपनीच्या साहेबांनी माइकवर सांगितलं की दादासाहेबांना गहिवरून आलंय. टाळ्या पडल्या. आज पेपरात तसंच छापून आलंय, आणि बाटल्या दुकानात पोचल्यासुद्धा. माझ्या मानेने एकही खेप अडली नाही. पण आपल्या 'हो'ने एकही गेलेली नाही.

वहिनीला शपथ मोडल्याचं सांगू नकोस. ती मला फसवताना फार छान हसते.

एक विचारायचंय. ग्लास हातात असताना तो कडवटपणा आठवून बघितला. आठवला नाही. जिभेवर नेमका कुठे लागायचा तो, आणि किती वेळ राहायचा? पत्रात लिहू नकोस. ये, समोर बस आणि सांग.

तुझा दादा