मेंढपाळ वाटेवर आहे

प्रिय शंकासुरा,

या नावानं हाक मारल्यावर तू लहानपणी पाय आपटायचास. आता आपटलेस तरी मला दिसणार नाही, म्हणून खुशाल मारते. फोन तीनदा केला, तू उचलला नाहीस. मग पत्र लिहायला बसले. लाकूड घेऊन येणारा ट्रकवाला उद्या सकाळी तुमच्या गावावरून परत जातो, त्याच्याकडे हे आणि सोबतची छोटी पुडी देते आहे. पुडी आधी उघडू नकोस. मी तुझी ताई आहे, एवढं तरी ऐक.

मी बरी आहे. नखं अजून लाकडाच्या पॉलिशनं तपकिरीच असतात. केस निम्मे पांढरे झाले, बाकीचे विचार करताहेत. बाबांच्या कारखान्यात आता दोनच माणसं उरलीत, ते आणि मी. खुर्च्यांची कामं कमी झाली, दारं-खिडक्या लोक तयार आणतात. शवपेट्या तेवढ्या अजून आमच्याकडूनच नेतात. बाबा अजूनही प्रत्येक फळीच्या टोकाला खडूनं गिऱ्हाइकाचं नाव लिहितात, आणि नाव लिहिल्याशिवाय रंधा हातात घेत नाहीत. बिननावाच्या लाकडाला हात लावायचा नाही, हे तुलाही ठोकून ठोकून शिकवलं होतं त्यांनी. तू छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात रमलास, तो भाग वेगळा.

तुझ्या लेकीचा फोटो तुझ्या बायकोनं मला गुपचूप पाठवला होता. तिच्यावर रागावू नकोस. कपाळ अगदी आईचं आहे. तो फोटो बाबांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक कोकरू कोरून आणलं. घरात मूल आलं की नाताळच्या गोठ्यासाठी एक लाकडी बाहुलं, ही आपली पद्धत त्यांनी मोडली नाही. माझी मेंढी, तुझा मेंढपाळ, आईची घागरवाली बाई, बाबांचा बैल, आणि आता हे कोकरू. ज्याचं बाहुलं त्यानंच नाताळला आपल्या हातानं बाळ येशूच्या गव्हाणीजवळ ठेवायचं, आणि सगळी आली की मगच जेवण सुरू करायचं. लहानपणी मला भूक लागायची आणि तू मेंढपाळ मुठीत धरून मुद्दाम घरभर फिरायचास. आई म्हणायची, थांब गं, याची मेंढरं चुकली असतील.

आता त्या नाताळच्या दुपारबद्दल लिहायलाच हवं. तू मेंढपाळ ताटाशेजारी आडवा ठेवलास आणि म्हणालास की मी हा गोठ्यात ठेवणार नाही, पवित्र शास्त्रात हा दिवस कुठे लिहिलाय ते मला दाखवा. खरं सांगू? प्रश्न चुकीचा नव्हता. मीही नंतर शोधलं, मला सापडलं नाही. पण तू तो प्रश्न वाढलेल्या ताटावर बसून विचारलास, आई हातात वाढण घेऊन उभी असताना. बाबा म्हणाले की या गोठ्यात तुझी जागा नाही. तू दार आपटून गेलास. जाताना तू शेगडीचं लोखंडी दार वाजल्याचं ऐकलंस, आणि बाबांनी तुझा मेंढपाळ जाळला असं धरून चाललास. नंतर एकदाच फोनवर बोललास, तेव्हा हेच म्हणालास. मी तेव्हा गप्प राहिले.

तू गेल्यावर पहिल्या नाताळला आई ताटं वाढून बसली आणि तिनं चमच्याला हात लावला नाही. कारण सगळी बाहुली आली नव्हती. तेव्हा बाबांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, त्याचा मेंढपाळ वाटेवर आहे, तू जेव. तिनं मान हलवली आणि जेवली. पुढे तीन वर्षं तेच वाक्य, तीच मान. त्या एका वाक्यावर आमचं घर चालत होतं.

पण बाबांना तुझा प्रश्न सोडेना. तुला खोटं पाडायचं म्हणून त्यांनी वाचायला घेतलं. भिंग घेऊन, दुकान बंद झाल्यावर रोज तासभर, शुभवर्तमानं पुन्हा पुन्हा. पाळकसाहेबांकडून जाडजूड पुस्तकं आणली. चार वर्षं वाचलं आणि तुझ्याच मताला आले. तू जिंकलास म्हणायचं का हे, मला कळत नाही. या नोव्हेंबरात त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की यंदापासून गोठा निघणार नाही, जे लिहिलेलं नाही ते मी पाळणार नाही, आणि जो वाटेवर नाही तो वाटेवर आहे असंही म्हणणार नाही. आपल्या बाबांना तू ओळखतोस. फळी सुताएवढी कमी भरली तरी परत करणारा माणूस.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं की दिवस लिहिलेला नाही, म्हणजे तो कुठलाही असू शकतो ना? बाबा हो म्हणाले. त्यांना वाटलं, पटलं हिला. दुसऱ्या दिवशी एक डिसेंबर होता. मी दुपारी घरी आले तर टेबलावर पांढरी चादर, गोठा मांडलेला, सगळ्यांची ताटं, तुझं, तुझ्या बायकोचं, लेकीचंसुद्धा. आईनं तिची बाई ठेवली, माझ्याकडून मेंढी ठेवून घेतली. बाबांनी बैलाला हात लावला नाही. आई हात मांडीवर ठेवून बसली. तासभरानं उठली आणि सगळं जेवण झाकून ठेवलं. तिनं काही खाल्लं नाही.

तेव्हापासून रोज तसंच. वाद नाही, आदळआपट नाही, आणि त्याचीच मला धास्ती वाटते. तिला वेड लागलेलं नाही, धाकट्या. दूधवाल्याशी नीट बोलते, माझ्या साडीला फॉल लावून दिला. फक्त जेवत नाही. सकाळी अर्धा कप चहा आणि दिवसभर पाणी. मी खिचडीचं पातेलं तिच्यासमोर आदळलं, रडले, नको ते बोलले. तिनं माझे डोळे पुसले आणि म्हणाली की सगळे येऊ देत, मग जेवू. चौथ्या दिवशी बाबांनी हार मानली, बैल ठेवला, आणि आपलं जुनं वाक्यही म्हणून पाहिलं. पण आता ते म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि आईला कळलं की यावर यांचाच विश्वास नाही. आठव्या दिवसापासून ती जिना चढत नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. डॉक्टरांनी तपासून मला बाहेर बोलावलं आणि सलाइनचं विचारलं, पण आई हात पुढे करत नाही. तिच्या वयाला हे फार दिवस झेपणार नाही, असं ते म्हणाले.

नवव्या दिवशी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटं काम केलं. तुझा मेंढपाळ पुन्हा कोरला. हुबेहूब, काठीसकट. दात येताना तू त्याच्या पायथ्याला चावून चावून खुणा केल्या होत्यास ना, त्यासुद्धा कानशीनं उमटवल्या. तुझ्याकडून टपालानं आला म्हणून आईच्या हातात दिला. तिनं पायथ्यावरून अंगठा फिरवला, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो शेगडीत टाकला. बाबा कारखान्यात जाऊन बसले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

आता पुडी उघड.

हो, हा खराच आहे. पायथ्याला तुझे दात आहेत बघ. बाबांनी त्या दुपारी शेगडीत नुसतं लाकूड सारलं होतं. मेंढपाळ मी उचलला, ताटाशेजारून, ॲप्रनच्या खिशात. मला वाटलं, हा घ्यायला तू उद्या येशील. उद्या नाही तर परवा. तू आला नाहीस. तू समजलास बाबांनी जाळला, बाबा समजले तू नेलास, आणि मी पाच वर्षं तो पॉलिशच्या कपाटात लाखेच्या डब्यामागे ठेवून दोघांना एकमेकांवर रागावू दिलं. सुरुवातीला तुझ्यावरचा राग होता, पुढे नुसती लाज. एक शब्द बोलले असते तर आई आज जेवली असती. हे मला कुणी सांगायची गरज नाही.

परवा मी तो गुपचूप गोठ्यात ठेवला. आईनं उचलला, अंगठा फिरवला, ओठांना लावला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, ज्याचा आहे त्याला ठेवू दे. आणि तिनं स्वतःची घागरवाली बाई गोठ्यातून काढली, पांढऱ्या रुमालात गुंडाळली आणि खोक्यात ठेवून दिली.

तुझं मत बदल असं मी म्हणत नाही. नाताळ म्हणू नकोस, प्रार्थना म्हणू नकोस, तारीख मानू नकोस. फक्त लेकीला कडेवर घेऊन ये, तिच्या मुठीतून कोकरू ठेव, तुझ्या हातानं मेंढपाळ ठेव, आणि आईसमोर एक घास खा. पत्र मिळेल त्या दिवसाचीच गाडी पकड, सामान बांधत बसू नकोस. कारण काल बाबांनी एक लांब फळी रंधायला घेतली. मी टोक पाहिलं, त्यावर खडूनं काहीच लिहिलेलं नव्हतं. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, असू दे. आज ती भिंतीला उभी आहे, माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी. आई माझ्यापेक्षा चार बोटंच बुटकी आहे. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी मला पॉलिश तयार ठेवायला सांगितलं. मी अजून डबा उघडलेला नाही.

तुझी वाट बघणारी,
तुझीच ताई