‘स्नेहगंध’मधील शहाण्णव खोट्या नोंदी रद्द होणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी,
प्रभाग आरोग्य कार्यालय (कालवा विभाग),
पुणे.

विषय : ‘स्नेहगंध’ सहकारी गृहरचना संस्थेतील रहिवाशांच्या रक्तदाबाच्या ९६ नोंदी खोट्या असल्याने त्या रद्द होऊन उरलेल्या रहिवाशांची तातडीने तपासणी होणेबाबत.

संदर्भ : १) तीस वर्षांवरील नागरिकांचे असंसर्गजन्य आजार सर्वेक्षण, जानेवारी २०२५.
२) अर्जदाराने यापूर्वी तीन वेळा केलेली तोंडी विनंती, जिची नोंद कुठेही नाही.

महोदय,

१. अर्जदार सौ. शर्मिला राकेश रणपिसे, वय अडतीस, राहणार कालव्याकाठची वस्ती, वारजे, ही नऊ वर्षे आपल्या कार्यालयाकडे आशा सेविका म्हणून काम करते. या नऊ वर्षांत तिच्याविरुद्ध एकही तक्रार आलेली नाही. ही पहिलीच, आणि ती तिची तिनेच केलेली आहे. अर्जात ती स्वतःला ‘अर्जदार’ म्हणते, कारण कार्यालयाची पद्धत तशी आहे आणि ‘मी’ असे लिहायला घेतले की हात पुढे सरकत नाही.

२. जानेवारीच्या सर्वेक्षणात अर्जदाराकडे दोन ठिकाणे होती. एक, ती राहते ती वस्ती. दुसरे, वस्तीच्या समोर कालव्याच्या पलीकडे असलेली कर्वेनगरच्या हद्दीतली ‘स्नेहगंध’ सोसायटी. प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा, कमरेचा घेर टेपने घ्यायचा, तंबाखू, व्यायाम, घरातली दुखणी विचारायची आणि फॉर्मवर गुण द्यायचे, असे काम होते. वस्तीत २१२ माणसे भरली. समाजमंदिरात सतरंजी टाकून अर्जदाराने एकेकाला बसवले, दहा मिनिटे शांत राहू दिले आणि मगच दंडाला पट्टा बांधला. रंगकाम करणारे, धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षावाले, सगळे कामाचा खाडा करून आले. त्या २१२ नोंदी खऱ्या आहेत. त्यांबद्दल अर्जदार कुठेही शपथ घेईल.

३. ‘स्नेहगंध’मध्ये ती चार वेळा गेली. पहिल्यांदा सुरक्षारक्षकाने फाटकातूनच परत पाठवले. मग सोसायटीचे सचिव श्री. श्रीधर लिमये, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, यांनी रविवारी बोलावले. रविवारी चार दारे उघडली. कमरेला टेप लावू द्यायला कुणी तयार नव्हते. तिघांनी तर तिचे बोलणे पुरे व्हायच्या आत दार लावून घेतले. शेवटी श्री. लिमये तिला म्हणाले, “अहो बाई, इथे प्रत्येकाचा आपापला डॉक्टर आहे. तुम्हाला रुग्णच हवे असतील तर पलीकडे वस्तीत बघा, भरपूर मिळतील.” त्यांनी सभासदांची नावे आणि वये असलेली छापील यादी मात्र दिली. कागद द्यायला ते कधी कुचराई करत नाहीत.

४. ३१ जानेवारीला फॉर्म जमा करायचे होते. पर्यवेक्षिका श्रीमती ललिता यांचा रोज फोन येत होता. ३० तारखेला दुपारी अर्जदार सोसायटीच्या पार्किंगमधल्या बाकावर बसली आणि यादीवरून तिने शहाण्णव फॉर्म भरून टाकले. रक्तदाब १२०/८०, कधी ११८/७८. अगदीच शून्य दिसू नये म्हणून दार लावून घेणाऱ्या त्या तिघांना तिने आपल्या मनाने वाढलेला रक्तदाब दिला. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी तिला थोडे बरेही वाटले होते. (त्यातल्या एकाला पुढे आपल्या दवाखान्यातून विचारपूस करणारा फोन गेला. त्या गृहस्थाने दोन महिने मीठ सोडले. परवा मोजला तेव्हा त्याचा रक्तदाब उत्तम होता, आणि तो अर्जदाराचे आभार मानत होता.)

५. आता जे लिहायचे आहे त्यासाठीच हा अर्ज आहे. फॉर्म भरत असताना बी विंगमधल्या श्रीमती वासंती करमरकर खाली आल्या. वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. मुलगा केदार बंगळूरला असतो. अर्जदाराच्या सासूबाई चंद्रभागाबाई त्यांच्याकडे अकरा वर्षे स्वयंपाक करतात, त्यामुळे ओळख जुनी. काकू बाकाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “शर्मिला, माझं जरा बघतेस का गं? चार दिवस डोकं जड आहे. डॉक्टरकडे जावं की काय, असं चाललंय मनात.” त्या सोसायटीत आपण होऊन हात पुढे करणारे हे एकच माणूस होते.

मशीन अर्जदाराच्या पिशवीत होते. चालू होते. पण काकूंचा फॉर्म दहा मिनिटांपूर्वीच भरून झाला होता, आणि खाडाखोड असलेला फॉर्म परत येतो. अर्जदार म्हणाली, “तुमचं झालंय काकू. नॉर्मल आहे.” काकू हसल्या. “न मोजताच?” असे त्यांनी विचारले नाही. त्यांना वाटले असेल, फॉर्मसाठी वेगळे मोजावे लागत नसेल. किंवा अर्जदारावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी चिठ्ठी मागितली. अर्जदाराने १२०/८० लिहून, खाली सही करून दिली. त्या डॉक्टरकडे गेल्या नाहीत.

६. मार्चच्या बैठकीत आपल्याच कार्यालयाने तक्ता लावला. वस्तीत शंभरात बत्तीस जणांना उच्च रक्तदाब, सोसायटीत शंभरात तीन. ‘राहणीमान व सवयींमुळे आढळणारा फरक’ असे त्याखाली लिहिले होते. अर्जदार मागच्या रांगेत बसली होती. तो फरक राहणीमानाचा नव्हता. एका बाजूला पट्टा होता आणि दुसऱ्या बाजूला पेन होते. तिने हात वर केला नाही. सोसायटीसाठी ठरलेले तपासणी शिबिर ‘गरज नाही’ म्हणून रद्द झाले. तक्ता दवाखान्याबाहेरच्या फलकावर लागला, तिथून त्याचा फोटो ‘स्नेहगंध’च्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेला, आणि एप्रिलमध्ये फाटकावर सूचना लागली : वस्तीतून कामाला येणाऱ्यांनी आरोग्य तपासणीचा दाखला दाखवल्याशिवाय आत सोडले जाणार नाही. चंद्रभागाबाईंना पाच वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांनी सुनेला विचारले, “माझा रक्तदाब काय पोळीतून जातो का गं त्यांच्या पोटात?”

७. दिनांक ६ मे रोजी सकाळी आठ वाजता चंद्रभागाबाई फाटकावर गेल्या. दाखल्याची महिन्याभराची मुदत आदल्या दिवशी संपली होती. सुरक्षारक्षकाने आत सोडले नाही. त्यांनी काकूंना फोन लावला, तो वाजत राहिला. पुन्हा लावला. “बाई फोन उचलत नाहीत असं होतच नाही, एकदा वर जाऊन तरी बघा,” असे त्या सांगत राहिल्या, आणि सुरक्षारक्षक नियमावर बोट ठेवत राहिला. साडेअकराला श्री. लिमये बाहेरून आले तेव्हा कुठे त्यांच्याकडे ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीने दार उघडले गेले. काकू स्वयंपाकघरात ओट्याशी पडल्या होत्या. उजवी बाजू गेली होती. डोळे उघडे होते. इस्पितळात रक्तदाब २१०/१२० निघाला. डॉक्टर म्हणाले, पहिले काही तास हातातून गेले.

महोदय, अर्जदार डॉक्टर नाही. पण तिला हिशेब कळतो. काकू डॉक्टरकडे गेल्या नाहीत, तो तिचा आकडा. शिबिर रद्द झाले, तो तिचा आकडा. चंद्रभागाबाई साडेतीन तास उन्हात फाटकावर उभ्या राहिल्या, तोही तिचाच आकडा. काकूंच्या घरी फ्रिजवर ती चिठ्ठी चुंबकाने लावलेली होती. केदारने ती डॉक्टरांना दाखवली आणि विचारले, “जानेवारीत तर नॉर्मल होतं ना?” अर्जदार शेजारीच उभी होती.

८. त्या दिवसापासून अर्जदाराला उरलेल्या पंच्याण्णव नावांची भीती वाटते. ती नावे तिला विंग आणि मजल्यासकट पाठ झाली आहेत. पोळी लाटताना ती मनात सुरू होतात. कालव्याच्या रस्त्याने रुग्णवाहिका गेली की ती हातातले काम टाकून, गाडी कुठल्या फाटकाशी वळते ते बघत उभी राहते.

९. नोंदी रद्द करून घेण्यासाठी ती ९ मे रोजी आपल्या कार्यालयात आली. संगणकावर बसणारे श्री. संजय यांनी तपासून सांगितले की अहवाल वर गेल्यावर नोंद काढता येत नाही, आणि बंद करायची तर दोनच पर्याय आहेत : ‘मयत’ किंवा ‘स्थलांतरित’. मग मदत करण्याच्या चांगल्या हेतूने ते म्हणाले, “ताई, म्हणाल तर शहाण्णवच्या शहाण्णव मयत करून टाकतो. मग नव्याने भरू.” त्या वेळी काकू अतिदक्षता विभागात होत्या. अर्जदार नको म्हणाली. श्रीमती ललिता यांना सांगितले तर त्या म्हणाल्या, “शर्मिला, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर घे. पण तो माझ्या पायावर कशाला?” तिसऱ्या वेळी अर्जदार आपल्या दालनाबाहेर दोन तास बसली. आपण बैठकीत होता.

१०. तेव्हा १५ मेपासून ती मशीन घेऊन स्वतःच निघाली. फाटकावर तिच्याकडेही दाखला मागितला गेला. तीही वस्तीतलीच. तो दाखला आपल्याच दवाखान्यातून आणून ती श्री. लिमये यांच्या दारात उभी राहिली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “काका, तुमचा रक्तदाब मी मोजला नव्हता. मनानं लिहिला. काकूंचाही.” फाटकावरची सूचना त्यांच्याच सहीची होती. मग त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. १७८/१०४. “म्हणजे आम्ही वस्तीतले निघालो,” ते म्हणाले, पण नेहमीसारखे हसले नाहीत. त्याच दिवशी फाटकावरची सूचना उतरवली गेली आणि ते अर्जदाराबरोबर दारोदार फिरू लागले.

आजवर एकसष्ट जणांचे मोजून झाले आहे. त्यांत पंचवीस जणांचा रक्तदाब वाढलेला आहे, म्हणजे शंभरात एक्केचाळीस, वस्तीपेक्षा जास्त. त्यांपैकी अठरा जणांना याची कल्पना नव्हती. पस्तीस राहिले आहेत. काही गावाला गेले, काहींच्या दाराला कुलूप, आणि काही सचिवांनी सांगूनही दार उघडत नाहीत. ते म्हणतात, “आमचं जानेवारीत झालंय. नॉर्मल आहे.” त्यांना तसे सांगणारा कागद सरकारी आहे. त्यापुढे अर्जदाराचे तोंडी बोलणे कोण ऐकणार?

११. काकू आता घरी आल्या आहेत. बोलता येत नाही. परवा अर्जदार भेटायला गेली तर त्यांनी पिशवीकडे बघितले आणि डावा हात पुढे केला. अर्जदाराने पट्टा बांधला, मोजले, आकडा मोठ्याने वाचला आणि मग बाहेरच्या खोलीत येऊन केदारला सगळे सांगितले. बाकापासून चिठ्ठीपर्यंत. तो ओरडला असता तर सोपे गेले असते. तो एवढेच म्हणाला, “लेखी द्या. सहीसकट.” हा अर्ज तेव्हा लिहायला घेतला. तो घेऊन तो कुठे जाईल, पोलिसांत की वकिलाकडे, हे अर्जदाराला माहीत नाही, आणि तिने विचारलेले नाही. तिचे यजमान राकेश रिक्षा चालवतात. ते दोन दिवस जेवायलाही घरी आलेले नाहीत. अर्जदाराला भीती वाटते, हे ती लपवत नाही.

१२. सबब विनंती अशी, की त्या ९६ नोंदी रद्द कराव्यात, आणि त्यासाठी कुणा जिवंत माणसाला मयत दाखवू नये. फलकावरचा तक्ता उतरवावा, कारण तो बघून इतर सोसायट्यांनीही वस्तीतल्या बायकांकडे दाखले मागायला सुरुवात केली आहे. उरलेल्या पस्तीस जणांना आपल्या सही-शिक्क्याचे पत्र जावे की जानेवारीतली तपासणी झालेलीच नव्हती. अर्जदारावर जी कारवाई होईल ती तिला मान्य आहे. तिने खुलासा तयार ठेवलेला नाही, कारण तो नाही. मात्र कारवाईचा आदेश निघताच मशीन जमा करावे लागते, असे तिला सांगण्यात आले आहे. म्हणून हात जोडून एवढेच मागणे, की आदेश काढावा, पण ती पस्तीस दारे होईपर्यंत मशीन तिच्याकडे राहू द्यावे. ते शक्य नसेल तर ज्या कुणाकडे ते द्याल, तिला आजच पाठवावे. उद्या नको.

आपल्या आदेशाची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार,

(सही)
सौ. शर्मिला राकेश रणपिसे
वारजे, पुणे
दिनांक : १२ जून २०२५

सोबत :
१) नव्याने मोजलेल्या ६१ जणांच्या नोंदी, प्रत्येकाच्या सहीसह.
२) उरलेल्या ३५ जणांची यादी, विंग व सदनिका क्रमांकासह.
३) सचिव श्री. श्रीधर लिमये यांचे पत्र.

प्रत : श्री. केदार करमरकर यांना समक्ष.

ता. क. : श्री. लिमये यांचे पत्र घेऊन अर्ज देण्यासाठी सोसायटीतून निघाले असता ए-३०१ मधील गृहस्थांनी जिन्यातच थांबवून हात पुढे केला. पायरीवर बसवून मोजला. १९४/११२. श्री. लिमये त्यांना घेऊन इस्पितळात गेले आहेत. यादीत आता चौतीस.