सुशील सरांच्या खोलीतला स्पीकर

सोमवार, ६ जानेवारी
नोकरीचा पहिला दिवस, आणि काय झकास गेला! नंदनवनहून स्कूटरने धंतोलीत आलो, कोपऱ्यावर तर्री-पोहे हाणले आणि नाक पुसतच दवाखान्यात शिरलो. मालक डॉक्टर, सुशील सर, स्वतः हात मिळवून गेले. काम माझ्या आवडीचं आहे. पेशंटने पलंगाजवळची बेल दाबून बोललं की आवाज डॉक्टर-नर्सजवळच्या स्पीकरवर जातो. पण जुन्या आणि नव्या इमारतीचं नेटवर्क वेगवेगळं, त्यामुळे तो मध्येच अडतो. दोन्हींच्या मध्ये मी लिनक्सवर चालणारा एक छोटा डबा बसवणार. त्यावरची प्रॉक्सी, म्हणजे मधला निरोप्या प्रोग्राम, कुठले स्पीकर आवाज मागताहेत एवढंच पाहते आणि मागणाऱ्या सगळ्यांना तो एकदम पोचवते. न मागणाऱ्याला नाही. सेटिंग जेमतेम दहा ओळींची. दुपारी नर्स दीप्तीताईंनी त्यांच्या डब्यातली भाजी आग्रहाने वाढली. तिखट होती, पण खाल्ली.

बुधवार, ८ जानेवारी
प्रॉक्सी चालू झाली. आता खरं काय ते लिहून टाकतो. माझी आई, सिंधूताई, गेल्या वर्षी याच दवाखान्यात वारली. भरदुपारी बेल दाबत राहिली होती. मी तेव्हा सावनेरला राहायचो. तिथून निघालो होतो, वाटेत मोबाइलवर तिच्या आवाजातला निरोप आला: "बेल दाबून राहिली मी, बापू. कोणीच येऊन नाही राहिलं." पोचलो तेव्हा चादर तोंडावरून ओढलेली होती. सुशील सर जेवणानंतर आरामखोलीतला स्पीकर बंद करून झोपतात, हे मागाहून कळलं. म्हणून तर ही नोकरी धरली. इथे मला कुणी ओळखत नाही. आज त्यांचा स्पीकर असा बसवलाय की भिंतीवरच्या बटणाने बंदच होणार नाही, सतत आवाज मागत राहील. शिवाय त्या एका खोलीसाठी आवाजाचा वेगळा मार्ग काढून ठेवलाय. झोपा म्हणावं आता.

शुक्रवार, १० जानेवारी
दुपारी लॅपटॉपवरून आईचा निरोप त्या खोलीत सोडला. सर बाहेर आले ते घामाने निथळत, शर्टाची बटणं उघडी. कोण बोललं, कोण बोललं, म्हणून सगळ्यांवर खेकसले. माझ्या जिवाला इतकं गार वाटलं की पाठोपाठ दोन चहा घेतले.

संध्याकाळी दीप्तीताई आपणहून गेल्या वर्षीच्या त्या दुपारबद्दल बोलल्या. दोन मजल्यांवर त्या एकट्याच होत्या. म्हातारीची बेल ऐकल्यावर त्या आधी सरांचं दार बडवत राहिल्या, ते उघडलंच नाही. अजून झोप लागत नाही म्हणाल्या. ती म्हातारी माझी आई, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

सोमवार, १३ जानेवारी
आज मी काहीही सोडलं नव्हतं. लॅपटॉप घरीच विसरलो होतो. तरी सरांच्या खोलीतून आईचा आवाज आला, आणि निरोपात नव्हतं ते बोलली: "आता तुमी दाबा बेल, डॉक्टरसाहेब."

मी डब्याची वायर उपटली. आवाज चालूच राहिला.

मंगळवार, १४ जानेवारी
सुशील सर गेले. जेवणानंतर झोपले ते उठलेच नाहीत. दार तोडावं लागलं. त्यांच्या पलंगाजवळही बेल आहे, बोट तिच्यावर होतं. बाहेर कुणालाच ऐकू आली नव्हती.

बरं झालं. आई, पुरे आता.

बुधवार, १५ जानेवारी
वायर परत जोडून पाहिलं. सरांच्या खोलीच्या त्या वेगळ्या मार्गावर आणखी एक स्पीकर आवाज मागतोय— दीप्तीताईंच्या टेबलावरचा. मी जोडलेला नाही. काढला. परत आला. काढला—

शेवटी माइक लावून आईला सांगितलं की दीप्तीताईंनी सरांचं दार बडवलं होतं, त्यांचा काही दोष नाही. लगेच उत्तर आलं: "मंग माह्याजवळ काहून नाही आली ते?"

गुरुवार, १६ जानेवारी, दुपार
दीप्तीताईंना फोन केला, आज येऊ नका, घरीच थांबा. हो म्हणाल्या. मी यंत्रांच्या खोलीत आतून कडी लावून बसलोय. बाकी सगळ्या स्पीकरांची वाट अडवली. आता फक्त माझा लॅपटॉप आवाज मागतोय. काय बोलायचं ते मला बोल, आई—

लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवला. नुसती खरखर.

व्हरांड्यातल्या स्पीकरवर माझा आवाज. मी तोंडही उघडलं नाही— माझाच आवाज, दीप्तीताईंना इथे बोलावतोय—

चपला वाजताहेत. त्याच आहेत. म्हणताहेत, तूच तर परत फोन केला, लवकर या म्हणून—

ओरडलो, परत जा. ओरडलो. त्यांना ऐकूच जात नाही—

कडी मी धरून ठेवलीय. एका हाताने लिहितोय. खोलीत मी एकटाच, तरी आतून कुणीतरी माझी बोटं एक एक सोडवतंय—